हाकेला ओ

दिवाळी झाली आणि आठ दिवसांत वाडी रिकामी झाली. मुकादमाचा टेम्पो आला. त्यात भांडी चढली, गोधड्या चढल्या, कोंबड्यांची डालगी चढली, शेवटी माणसं चढली. बुधीची लेक सोनम चढली, जावई प्रदीप चढला. कर्जतच्या पलीकडं वीटभट्ट्या पेटल्या की वाडीतलं कोणी शिमग्यापर्यंत परत येत नाही. बुधी टेम्पोमागं रस्त्यापर्यंत लंगडत गेली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तीही भट्टीवर जायची. डोक्यावर कच्च्या विटा घेऊन फळीवरून चढताना पाय सटकला आणि उजवा खुबा कायमचा गेला. आता बसलं की उठताना भुईला हात टेकावा लागे. असली बाई मुकादमाला नको होती.

"आये, मोबाईल चार्ज करून ठेव," सोनम टेम्पोतून ओरडली.

बुधीनं मान हलवली. ती जिथं राखणीला होती तिथं वीज नव्हती.

पनवेलच्या खाडीत, तिवरांच्या कडेला, प्रितेशशेठचं जिताडा माशांचं तळं होतं. तळ्याला चारी बाजूंनी मातीचा बांध, बांधावर प्लास्टिकचा कागद घातलेली झोपडी, झोपडीत बुधी. भरती आली की बांधातल्या दाराच्या, उघाडीच्या फळ्या उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीची सुकती लागायच्या आत फळ्या घट्ट बसवायच्या. चिंबोऱ्या बांधाला भोकं पाडायच्या, ती रोज चिखलानं बुजवायची. पाणकावळे बसले की पत्र्याचा डबा बडवायचा. दिवसभर हात खाऱ्या चिखलात. थंडी पडली तशी तिच्या हातांना भेगा गेल्या. संध्याकाळी ती त्यांत गोडं तेल चोळायची, सकाळी त्या परत उघडायच्या.

खाडीपलीकडं इमारतींचे दिवे लागत. हायवेवरून न्हावा शेव्याचे कंटेनर रात्रंदिवस जात, त्यांची घरघर पाण्यावरून येई. एवढी माणसं दिसत, एवढी ऐकू येत, पण अख्खा अख्खा दिवस बुधीच्या तोंडून शब्द निघत नसे. मग ती मुद्दाम मोठ्यानं बोले. "फली ढिली झाली गं," असं उघाडीला सांगे. स्वतःचाच आवाज तिला परक्या बाईसारखा वाटे.

तिला सोबत कोल्ह्यांची होती.

दिवस मावळायला तिवरांतून पहिला आवाज निघे. एकच, लांब, खालून वर चढत जाणारा. तो विरायच्या आत दुसरा नाल्याकडून उठे, तिसरा मिठागराच्या जुन्या वाफ्यांकडून, मग सगळ्यांचा एकच कल्लोळ. लोक त्याला कोल्हेकुई म्हणून सोडून देतात. बुधीचा नवरा शुक्रा त्याला हजेरी म्हणायचा. "प्रत्येकजन आपापल्या जागंवरनं सांगतो, मी हितं हाय. जो बोलला नाय तो गेला समज." शुक्रा शिकारी माणूस. त्याच्या बापानं त्याला कोल्ह्याची बोली शिकवली आणि त्यानं बुधीला. आई पिल्लांना बोलावते तो आवाज घशातल्या घशात, माणूस धाप टाकतो तसा. पौष-माघात नर-मादी जोडीनं ओरडतात, एकाचा सूर संपतो तिथं दुसऱ्याचा लागतो, मधे फट राहत नाही. आणि भालू, म्हणजे म्हातारी कोल्हीण, ओरडते तो आवाज वेगळाच, चिरका, पोटातून आलेला. भालू ओरडली की वाडीतली माणसं दारं लावून घेत, आता कोणीतरी मरणार म्हणत. शुक्रा हसायचा. "ती भ्यालीय. तिनं वाघरू बघितलंय नायतर दुसरा काय. तिला तुमच्या मरनाची काय पडलीय?"

शुक्रा गेला त्याला आता पाच वर्षं झाली. सांजेला हजेरी सुरू झाली की बुधी झोपडीच्या तोंडाशी बसून मोजायची. नाल्याकडचे दोन, मिठागराकडचे तीन, तिवरातली म्हातारी एक. सगळे बोलले की ती चूल पेटवायची.

दिवसाआड गुणाबाई येई.

गुणाबाई म्हणजे प्रितेशची आई. वय सत्तरीच्या पुढं, हाडं बारीक, आवाज खणखणीत. हे तळं तिचा नवरा बुधाजी यानं स्वतःच्या हातानं बांधलं होतं, बांधाचं प्रत्येक घमेलं तिनं डोक्यावर वाहिलं होतं. पुढं आजूबाजूची जमीन गेली, विचुंब्याला बंगला झाला, प्रितेशचे ट्रेलर बंदरात लागले, बुधाजी वारला. बंगल्यात गुणाबाईला खालच्या मजल्यावरची खोली होती. तिथून ती रिक्षा करून तळ्यावर येई. बांधावर तिनं वाल लावला होता, त्याचं निमित्त. सुनेला सांगायचं, शेंगा आणायला जाते.

पहिल्या वर्षी ती थर्मासातला चहा बुधीच्या पेल्यात वरून ओतायची, पेल्याला थर्मास लागू न देता. दुसऱ्या वर्षी ते कधी सुटलं, दोघींनाही कळलं नाही. आता दोघी एकाच गोणपाटावर बसत.

"बंगल्यात बोलायला कोन नाय काय?" बुधीनं एकदा विचारलं होतं.

"बोलतात ना. मोबाईलशी बोलतात," गुणाबाई म्हणाली. "मी सुकट भाजली तर कोमल खिडक्या उघडते. तोंडानं काय बोलत नाय हां. खिडक्या उघडते."

जानेवारीच्या मधल्या आठवड्यात बुधीला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. सांजेची हजेरी नीट चालली होती. सहाच्या सहा बोलले. मग खाडीच्या बाजूनं एक सातवा आवाज आला. तो वर चढलाच नाही. सुरुवात केली आणि घशातच फाटला, कापड टराटरा फाडावं तसा. थोडा थांबून परत तसाच. बुधी चुलीपुढून उठली आणि बाहेर येऊन उभी राहिली. आवाज तिसऱ्यांदा आला. त्याला कोणी ओ दिली नाही. नाल्याकडचे गप्प, मिठागराकडचे गप्प.

 हा आवाज तिनं आयुष्यात एकदाच ऐकला होता, लग्न होऊन आली त्या वर्षी. तेव्हा शुक्रानं तिचा हात धरून तिला झोपडीत ओढलं होतं. "पिसाळलाय. त्याचा घसा धरलाय. आपल्यातल्याला बी तो नको होतो, कोन साद देत नाय." चार दिवसांनी शुक्राचा धाकटा भाऊ विठू लाकडं आणायला गेला आणि पोटरीला ओरखडा घेऊन आला. कोणी मनावर घेतलं नाही. भगतानं अंगारा लावला. दीड महिन्यानं विठू पाण्याचा पेला बघून किंचाळायला लागला. त्याला खाटेला बांधला होता. शेवटच्या दिवशी विठूचा आवाज त्या कोल्ह्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून बुधीनं फावडं हाताशीच ठेवलं. तिसऱ्या दिवशी गुणाबाई आली. उन्हं डोक्यावर यायची होती, सुकती होती, खाडीचा चिखल उघडा पडून चकाकत होता.

"आई, आज शेंगा नका तोडू. हितं झोपडीपाशी बसा," बुधी म्हणाली.

"का गं?"

"कोला फिरतोय. बरा नाय तो."

"कोला मना काय करतो? जल्म गेला कोल्यांत." गुणाबाईनं पदर खोचला आणि बांधाच्या टोकाला वालात जाऊन वाकली.

बुधी उघाडीच्या फटी चिखलानं बुजवत होती. तिनं मान वर केली तेव्हा तो बांधावर चढला होता. भर दिवसा, उघड्यावर. मागचे पाय दारू प्यालेल्या माणसासारखे पडत होते. जबडा लोंबत होता, त्यातून लाळेची दोरी लटकत होती. तो आवाज न करता चालत होता.

"आईऽऽ!" बुधी ओरडली.

गुणाबाई वळली, पण वाकलेली बाई वळणार किती? कोल्ह्यानं तिच्या टाचेच्या वर तोंड घातलं. लुगड्याचा काठ फाटला. बुधी फावडं घेऊन निघाली. खुबा धावू देईना, ती एका पायावर उड्या घेतल्यासारखी गेली आणि तिनं फावड्याचा दांडा त्याच्या पाठीत घातला. तो नाल्यात पडला, उठला, आणि काहीच झालं नाही असा तिवरांत निघून गेला.

गुणाबाई बांधावर बसली होती. टाचेच्या वर दोन बारीक भोकं आणि एक ओरखडा. रक्त फारसं नव्हतं. बुधीनं पिण्याच्या पाण्याचा कॅन ओढत आणला, कपड्यांच्या साबणाची वडी घेतली आणि जखम धुवायला लागली. विठूच्या वेळी दवाखान्यातला माणूस म्हणाला होता, आधी धुतलं असतं तर. ती धुतच राहिली. लाळ, रक्त, फेस तिच्या बोटांवरून वाहत होता. तिच्या हातांच्या भेगांत साबण झोंबत होता.

"पुरे. सालटा काढशील," गुणाबाई म्हणाली.

"आई, आताच्या आता दवाखान्यात जावा. सुई घ्यावी लागंल."

"कुत्रा व्हता तो."

"कोला व्हता. तुमी बघितला."

"बरा, कोला. दात नाय लागला, नखा लागला." तिनं लुगडं खाली ओढून जखम झाकली. मग बुधीचं मनगट धरलं. म्हातारीच्या बोटांत जोर होता. "बुधे, आयक. प्रितेश कवापासून बोलतो, आई तू पडशील, तिकडं जाऊ नको. त्याला हा कलला तर माजा येना बंद. तळा तर तो आजच कुनाला देईल. मंग तू कुठं आनि मी कुठं? त्याला बोललीस तर मना मेलेली बघशील."

 गुणाबाईनं शेंगांची पिशवी उचलली, बांधावरून ताठ चालत गेली. रस्त्यावर पोचल्यावर तिनं मागं वळून तोंडावर बोट ठेवलं.

त्या सांजेला सहा कोल्हे बोलले. मग तो फाटका आवाज आला, आधीपेक्षा जवळून, उघाडीच्या पलीकडून. ताबडतोब सगळी खाडी गप्प झाली. बुधीनं चूल पेटवली नाही.

सकाळी तिनं उघाडी घट्ट बसवली, धुतलेलं लुगडं नेसली आणि निघाली. हायवेपर्यंत चालत, पुढं शेअर रिक्षानं. विचुंब्यात उतरल्यावर तिला बंगला सापडेना. शुक्रा होता तेव्हा इथं भाताची शेतं होती. आता सगळ्या इमारती एकसारख्या. वॉचमनना विचारत विचारत ती पोचली. फाटकाशी सून कोमल ऑफिसला निघायच्या गडबडीत होती.

"कामाला बाई मिळालीय आम्हाला," कोमल म्हणाली. मग तिनं नीट बघितलं. "तू तळ्यावरची ना? काय झालं? मासे मेले का?"

"शेठशी बोलायचा हाय."

चपला तिनं फाटकातच काढल्या. पायांना चिखल होता, तो अंगणातल्या नळाखाली धुतला. तरी पांढऱ्या फरशीवर तिची पावलं ओली उमटत गेली आणि कोमल त्या पावलांकडं बघत राहिली. प्रितेश टेबलाशी नाश्ता करत होता. नात पूर्वी शाळेच्या गणवेशात मोबाईल घेऊन सोफ्यावर होती. गुणाबाई तिच्या खोलीच्या दारात आली, बुधीला बघितलं आणि तिचा चेहरा दगड झाला.

"शेठ, आईंना काल कोला चावलाय," बुधी म्हणाली. "पिसाळलेला."

"आई?" प्रितेश वळला.

"काटा लागला. बाभळीचा," गुणाबाई म्हणाली. "ही येडी झाली एकटी राहून."

"दाखव बघू पाय."

"नाय दाखवत. म्हातारीची लुगडी वर करतो काय?"

प्रितेशनं चहाचा घोट घेतला. बंदरावरून दोन फोन येऊन गेले होते, एक ट्रेलर गेटवर अडला होता. "बुधी, चावला असेल तरी पिसाळलेला कशावरून? एवढी कुत्री आहेत तिकडं. दिवसा कोल्हा येतो का कधी?"

"तेच तर. बरा कोला दिवसा येत नाय. आनि आवाजावरनं कळतं."

"आवाजावरनं?" तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "कोल्ह्याच्या आवाजावरनं तुला त्याचा आजार कळतो? डॉक्टर हो मग."

"मना कळतं, शेठ."

"कसा असतो गं आवाज?" पूर्वीनं विचारलं. मोबाईल तिनं उभा धरला होता.

बुधी उभी होती ती फरशीवर खाली बसली. भुईला हात टेकून, खुबा सावरत. तिला लाज वाटत होती. शुक्रा गेल्यापासून तिनं हे कोणासमोर केलं नव्हतं, आणि असल्या घरात तर कधीच नाही. तिनं ओंजळ तोंडाशी धरली, मान वर केली.

पहिल्यांदा तिनं बऱ्या कोल्ह्याची हाक दिली. लांब, खालून वर चढणारी, शेवटी दोन तुकडे होऊन सुटणारी. उंच छताच्या खोलीत ती हाक भिंतींवर आपटून परत आली. शेजारच्या बंगल्यातला बांधलेला कुत्रा भुंकायला लागला. पूर्वी खुदकन हसली. कोमल म्हणाली, "अहो, शेजारचे काय म्हणतील?"

"हा बरा. ह्याला दुसरा ओ देतो," बुधी म्हणाली, आणि नाल्याकडचा दिला, मिठागराकडचा दिला. मग ती थांबली, थुंकी गिळली. "आनि हा आपला."

तिनं सुरुवात केली आणि आवाज घशात फाडला. परत. परत. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं. त्या आवाजात चढ नव्हता, शेवट नव्हता, नुसतं अडकणं होतं. ती ज्या माणसाकडून हा आवाज शेवटचा शिकली होती तो खाटेला बांधलेला होता, हे त्या खोलीत कोणाला माहीत नव्हतं. पण पूर्वीनं मोबाईल खाली ठेवला. प्रितेशच्या हातातला कप तसाच राहिला.

बुधीनं पदरानं तोंड पुसलं.

"असाच," गुणाबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "माज्या पायाशी तो असाच घुसमटत व्हता. वाटला, त्याच्या घशात हाडूक अडकला." ती सोफ्याच्या कडेवर बसली आणि तिनं स्वतःच लुगडं वर केलं. भोकांच्या भोवती लाल सूज आली होती.

प्रितेशनं गाडीची किल्ली उचलली. "बुधी, तू पण चल. डॉक्टरला जनावर कसं होतं ते सांग."

सरकारी दवाखान्यात कुत्रा चावलेल्यांची वेगळी रांग होती. केसपेपरवाल्यानं विचारलं, "ही पेशंटची कोण?" प्रितेश म्हणाला, "कामाला आहे." डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण तिनं बुधीचं सगळं ऐकून घेतलं. जबडा कसा होता, पाय कसे पडत होते. आवाजाचं सांगितलं तेव्हा तिनं लिहिणं थांबवून वर बघितलं. "घसा लुळा पडतो त्याचा. बरोबर सांगताय." मग तिनं जखमेत सुया घातल्या, भोकांच्या भोवती, खोलवर. गुणाबाईनं बुधीचा हात आवळून धरला आणि "आयो, आयो" करत राहिली.

"जखम कोणी धुतली? छान धुतलीय."

"हिनं," गुणाबाई म्हणाली.

"हात दाखवा."

बुधीनं हात मागं घेतले. "मना नाय चावला, बाई."

"दाखवा."

भेगा उघड्या होत्या, काहींत रक्त साकळलेलं. एका बोटाला चिंबोरीनं घेतलेला चिमटा होता. डॉक्टरिणीनं दोन्ही तळवे उजेडात उलटसुलट केले. "हातमोजे नव्हते. लाळ ह्यात गेली असणार. तुम्हालाही इंजेक्शनं घ्यावी लागतील."

प्रितेश फोनवर होता. तो म्हणाला, "तिला काही झालेलं नाही, डॉक्टर."

"तिला नाय तर मना पन नको," गुणाबाई म्हणाली आणि टेबलावरून पाय खाली सोडला. "काढ तुजी सुई."

प्रितेशनं फोन कानापासून दूर केला. आईकडं बघितलं, मग बुधीच्या हातांकडं. त्यानं जाऊन दुसरा केसपेपर काढून आणला. दोघींच्या दंडांत नर्सनं बारीक सुई टोचली, कातडीखाली पाण्याचा फुगा आला तसा दिसला. दोघींना एकेक पिवळं कार्ड मिळालं. आज, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, आणि अठ्ठाविसाव्या.

कोल्हा दोन दिवसांनी उघाडीपाशी मेलेला सापडला. वनखात्याची माणसं हातमोजे घालून आली आणि त्याला पिशवीत घालून घेऊन गेली. पुढं त्यांनी प्रितेशला फोन करून सांगितलं, पिसाळलेलाच होता. तोवर प्रितेशनं ठरवून टाकलं होतं. तळं उरणकडच्या एकाला दिलं. त्याचा स्वतःचा राखणदार होता, बांधावर सोलरचा दिवा आणि कॅमेरा बसणार होता. बुधीची झोपडी त्या माणसानं एका सकाळीत मोडून काढली. प्रितेश स्वतः सांगायला आला होता. "तुझ्यामुळं आई वाचली, मी विसरणार नाही. पण आता तिला तिकडं पाठवायची हिंमत नाही माझी. आणि तुलाही एकटीला ठेवणं बरं नाही." कोमलनं त्याच्या हातून एक जाड ब्लँकेट पाठवलं होतं, नवं, पिशवीसकट.

बुधी ब्लँकेट घेऊन ओवे गावामागच्या आपल्या वाडीवर आली. बावीस घरांपैकी एकोणीस घरांच्या दारांना काटक्या लावलेल्या. दोन म्हाताऱ्या होत्या, त्यातली एक बहिरी. डोंगरात सुरुंग लावून दगड फोडत होते, दिवसाला दोनदा भुई हादरायची. सांजेला बुधी दाराशी बसली. डोंगराकडून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्याआधी, तिसऱ्या दिवसाच्या सुईला दोघी रांगेत पुढं-मागं उभ्या होत्या. प्रितेशचा ड्रायव्हर बाहेर गाडीत. सातव्या दिवशी गर्दी जास्त होती, बाकावर जागा मिळाली. गुणाबाईनं पिशवीतून थर्मास काढला.

"खोलीत टीवी लावून दिला मना," ती म्हणाली. "पूर्वी येते शाळंतनं. तुजा तो आवाज तिनं मोबाईलमधे ठेवलाय. बरा कोला. कवा कवा लावते."

"आजारी नाय ना लावत?"

"पुसला म्हनाली." तिनं चहा ओतला. "बुधे, माघ लागला. जोडीचा कसा असतो गं? बुधाजी आनि मी बांधावर राहायचो तवा आयकायचो."

"हितं?"

"बारीक दे."

बुधीनं आजूबाजूला बघितलं. पुढच्या बाकावर हाताला पट्टी बांधलेला एक बाप्या, त्याच्या मांडीवर पोर. तिनं पदर तोंडावर घेतला आणि गुणाबाईच्या कानाशी नराचा सूर धरला, तो संपता संपता मादीचा. मधे फट न ठेवता. कुजबुजीएवढा. पोरानं वळून बघितलं. गुणाबाई डोळे मिटून बसली होती. चहा तिच्या पेल्यात गार झाला.

अठ्ठाविसाव्या दिवशी बुधी दोन तास आधी येऊन बसली. तिनं केसांना पाणी लावून विंचरलं होतं. गुणाबाई आली ती काठी घेऊन. पाय बरा झाला होता, पण चालणं राहिलं नव्हतं. दोघींचे नंबर लागोपाठ लागले. नर्सनं टोचलं, कापूस लावला, पिवळ्या कार्डांवर सही केली आणि कार्डं दोघींच्या हातात न देता टेबलावरच्या ढिगात टाकली.

"कार्ड?" गुणाबाई म्हणाली.

"आता कशाला, आजी? झालं."

"परत कवा यायचा?"

"परत नाही यायचं. कोर्स पूर्ण झाला."

"एखादी सुई कमी तर नाय पडली?"

नर्स हसली. "लोक पळून जातात सुईला, आणि तुम्ही अजून मागताय. नीट झालात तुम्ही. घरी जा."

त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. थांबायला कोणी सांगितलं नव्हतं. दंडावर कापूस दाबून धरून बसून राहिल्या. गुणाबाईनं विचारलं, सोनम कधी येणार. बुधी म्हणाली, शिमग्याला, नाय तर मग पावसाच्या तोंडाला. बुधीनं विचारलं, वाल कोणी तोडला. गुणाबाई म्हणाली, माहीत नाही. मग ड्रायव्हर आला आणि म्हणाला, "आजी, चला, शेठचा फोन आलाय."

बुधीनं तिला धरून गाडीत बसवलं, लुगड्याचा काठ आत घेतला, काठी आत दिली. दार लागलं. काच बंद होती, आत एसी सुरू झाला होता. गुणाबाई काचेकडं वळली आणि काहीतरी बोलली. बरंच बोलली. ओठ हलताना दिसले, हातही हलला. बुधीनं कान पुढं केला. इंजिन चालू होतं, मागं रिक्षावाला हॉर्न देत होता. तिला एक शब्द ऐकू आला नाही.

तिनं मान डोलावली. "हां, आई," ती म्हणाली. "हां."

गाडी फाटकातून बाहेर पडून कंटेनरच्या रांगेत शिरली. बुधी थोडा वेळ उभी राहिली, मग रिक्षाच्या रांगेकडं लंगडत निघाली. वाडीवर अंधार पडायच्या आत पोचायला हवं होतं.